खानदेशातील लोकल बोर्डांची शाळागृहे : रचना, खर्च व प्रवेश

शिक्षणाच्या इतिहासाची साधने म्हणून सामान्यतः कायदे, सरकारी ठराव, वार्षिक अहवाल व क्रमिक पुस्तके यांचा विचार केला जातो. ज्या इमारतींत हे शिक्षण प्रत्यक्ष दिले गेले, त्या इमारतींकडे मात्र साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. खेड्यातील मराठी शाळेची इमारत ही वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाला फार साधी वाटते आणि शिक्षणाच्या अभ्यासकाला ती अभ्यासाचा विषयच वाटत नाही. वस्तुतः जोते, भिंती, कैचीचे छप्पर आणि पुढची पडवी एवढ्या चार अंगांनी बनलेली ही वास्तू विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील ग्रामजीवनाचा एक बोलका पुरावा आहे. शाळेसाठी पैसा कोणी दिला, तो किती होता, शाळेची जागा कोठे मिळाली, आणि तिच्या आत कोण बसले व बाहेर कोण बसले, या सर्व प्रश्नांची उत्तरे तिच्या रचनेत उमटलेली आहेत.

प्रस्तुत लेखाचे क्षेत्र खानदेशापुरते मर्यादित आहे. १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आलेला हा सुमारे दहा हजार चौरस मैलांचा जिल्हा १९०६ मध्ये विभागला गेला. जळगाव हे पूर्व खानदेशाचे आणि धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर या दोन जिल्ह्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. लोकल बोर्डांच्या शाळागृहांची मुख्य घडण १९०६ च्या विभागणीच्या आगेमागे झाली असल्यामुळे येथे ‘पूर्व’ व ‘पश्चिम’ खानदेश हीच नावे वापरली आहेत.

१. शाळा होती, शाळागृह नव्हते

खानदेशात विद्यादानाची परंपरा नवी नव्हती. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील भवानीच्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, अशी नोंद त्यात आढळते. हे अध्ययन अर्थातच थोड्यांसाठी होते. परंतु विद्येचे स्थान देवालयाच्या आश्रयाला असावे, ही रीत त्यात स्पष्ट दिसते. आणि ती पुढे सहा-सात शतके टिकली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील देशी शाळांची जी माहिती सरकारने गोळा केली आणि जी पुढे रा. वि. परुळेकर यांनी १९४५ मध्ये संपादून प्रसिद्ध केली, तीवरूनही हेच चित्र दिसते. पंतोजींच्या शाळेला स्वतःची इमारत नसे. ती कधी पंतोजींच्या घरी, कधी एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्याच्या ओसरीवर, तर कधी देवळात वा धर्मशाळेत भरे. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि पावकी-निमकी मोठ्याने म्हणायची, एवढ्या शिक्षणाला वेगळ्या वास्तूची गरज नव्हती. मुले वेगवेगळ्या वयांची व वेगवेगळ्या पायरीवरची असत. ती पंतोजींभोवती बसत. पंधरा-वीस मुलांना एक ओसरी पुरे.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले आणि शाळेचे अंतरंग बदलू लागले. इयत्ता आल्या, क्रमिक पुस्तके आली, फळा व नकाशा आले, हजेरीपट आला, आणि वर्षातून केव्हा तरी परीक्षेसाठी येणारे ‘दिपोटी’ आले. जागा मात्र पुष्कळ काळ जुनीच राहिली. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, गावची चावडी, किंवा भाड्याने घेतलेली धाब्याच्या घराची पडवी यांतच सरकारी मराठी शाळा भरत राहिली. चावडीत पाटील-तलाठ्यांचे काम निघाले की शाळा उठे. देवळात उत्सव असला की शाळा उठे. भाड्याच्या घरात मालकाचा कापूस येऊन पडला की शाळा उठे. शाळा ही संस्था म्हणून स्थिर झाली, पण वास्तू म्हणून ती कोणाच्या तरी कृपेवर राहिली. हा विरोध मिटण्यास सुमारे अर्धशतक लागले, आणि त्याचे मुख्य कारण आर्थिक होते.

२. एक आणा पट्टी

ग्रामीण शाळांचा खर्च ज्या निधीतून चाले तो ‘लोकल फंड’ होय. जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा अशी ही पट्टी १८६३ पासूनच्या दशकात मुंबई इलाख्यात सुरू झाली आणि १८६९ च्या तिसऱ्या कायद्याने तिला विधिवत् स्वरूप आले. तिच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे आणि उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळा इत्यादी कामांकडे जाई. १८८४ च्या कायद्याने तालुका व जिल्हा लोकल बोर्डे स्थापन झाली आणि या पैशाचा विनियोग अंशतः लोकनियुक्त सभासदांच्या हाती आला. शाळांची देखरेख मात्र शिक्षणखात्याकडेच राहिली.

या पट्टीचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे शाळागृहांना विलंब का झाला ते समजते. ज्या गावाचा सारा २,४०० रुपये आहे, त्या गावाची पट्टी १५० रुपये होते; तिचा शिक्षणाकडे जाणारा तिसरा हिस्सा ५० रुपये. आता मास्तरांचा पगार दरमहा दहा रुपये धरला, तरी वर्षाचा खर्च १२० रुपये होतो. म्हणजे मध्यम प्रतीच्या गावाची पट्टी स्वतःच्या एका मास्तरालाही पोसू शकत नव्हती. दोन-तीन गावांच्या पट्टीतून एका गावची शाळा चाले आणि उरलेली गावे शाळेशिवाय पट्टी भरत. अशा निधीतून प्रथम मास्तर, नंतर पुस्तके व फळा, आणि सर्वांत शेवटी इमारत असा क्रम लागणे अपरिहार्य होते.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्याचा रोख याच विषमतेवर होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, असे त्यांचे म्हणणे होते. खानदेशासारख्या कुणबी, भिल्ल व कारागीर यांच्या जिल्ह्याला ही टीका विशेष लागू पडत होती. येथील कापसावर सारा भरणारा शेतकरी शाळेचा देणेकरी होता. परंतु त्याच्या मुलासाठी गावात एक छप्परही त्या पैशातून उभे राहिले नव्हते.

त्यात १८९९-१९०० चा दुष्काळ आला. ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून तो लोकांच्या स्मरणात राहिला. पट्टी साऱ्यावर बसविलेली असल्यामुळे साऱ्याला सूट वा तहकुबी मिळाली की पट्टीही त्या प्रमाणात बुडे. नेमक्या ज्या वर्षी गावाला आधाराची गरज असे, त्याच वर्षी शाळेचा निधी आटे. शिवाय १८९६ पासून प्लेगाच्या साथी सुरू झाल्या होत्या. लोक गाव सोडून शेतातील झोपड्यांत राहावयास जात आणि गावठाणातील शाळा ओस पडे.

परिस्थिती पालटली ती हिंदुस्थान सरकारच्या अनुदानांमुळे. १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात प्राथमिक शिक्षणाकडे अधिक पैसा वळविण्याची गरज मान्य झाली आणि १९०५ पासून सर्व प्रांतांसाठी मिळून प्राथमिक शिक्षणाकरिता वार्षिक ३५ लाख रुपयांचे अनुदान सुरू झाले. १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी आणखी ५० लाख रुपयांची वार्षिक तरतूद जाहीर झाली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सक्ती नाकारली गेली, पण पैसा काही अंशी आला. खानदेशातील दोन्ही जिल्ह्यांत लोकल बोर्डांची पक्की शाळागृहे बांधली जाऊ लागली ती मुख्यतः या काळात, म्हणजे १९०५ ते पहिले महायुद्ध या दशकात. युद्धकाळात लोखंड, पत्रे व इमारती लाकूड महागले आणि हे काम पुन्हा मंदावले.

३. जागा व पाया

मराठी ग्रामरचनेत ‘पांढरी’ व ‘काळी’ हा भेद मूलभूत आहे. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेतजमीन. शाळागृहासाठी जागा शोधताना हा भेद आड येई. पांढरीत मोकळी जागा नसे. असली तर ती भाऊबंदकीत अडकलेली असे. म्हणून शाळा बहुधा गावाच्या कडेला, वेशीबाहेर, नदीकाठी वा रस्त्यालगत बांधली गेली. प्लेगानंतर दाट वस्तीपासून दूर, हवेशीर जागा असावी असा आरोग्यखात्याचाही कटाक्ष होता. त्यामुळे शाळा गावाची असूनही गावाच्या मध्यभागी नसणे, ही या शाळागृहांची पहिली खूण झाली. देऊळ, चावडी व पाटलांची गढी यांचे एक जुने मध्य-केंद्र होते. शाळा त्या केंद्राच्या बाहेर उभी राहिली.

या स्थानाचा वास्तूवर परिणाम झाला. तापी, गिरणा, पांझरा व बोरी यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर उथळ पायाची भिंत उभी केली तर दोन-तीन वर्षांत तडे जातात. म्हणून पाया मुरुमापर्यंत नेणे भाग पडे, आणि जेथे काळ्या मातीचा थर खोल असे तेथे पायाचाच खर्च बराच होई. जोते दोन ते तीन फूट उंच ठेवीत. त्याला पावसाचे पाणी, विंचू-सर्प व जनावरे ही कारणे होतीच. पण उंच जोत्यामुळे ही लहानशी इमारत दुरूनही सरकारी दिसे. चार-पाच दगडी पायऱ्या चढून शाळेत जावे लागे. या पायऱ्यांचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे.

४. भिंत, कैची व कौल

खानदेशातील जुने घर धाब्याचे. कच्च्या वा भाजलेल्या विटांच्या, अथवा नुसत्या मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलच्या आणि त्यांवर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे बांधकाम असते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे ‘खण’. घर किती खणांचे, यावरून त्याचा आकार सांगत. खानदेशाच्या उन्हाला हे घर फार योग्य होते. वैशाखात जेव्हा बाहेर पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हाही जाड मातीचे धाबे आतला गारवा टिकविते. पाऊसही बेताचा असल्यामुळे सपाट छपरावर दर वर्षी माती टाकून चोपले की भागत असे.

असे असूनही लोकल बोर्डाने आपल्या शाळेसाठी धाबे स्वीकारले नाही. याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण देखभालीचे. धाब्याला दर वर्षी माणसाची निगा लागते. घराला मालक असतो. शाळेला तो नव्हता. एका पावसाळ्यात माती टाकावयाची राहिली की छप्पर गळू लागे, आणि दुरुस्तीची मंजुरी जिल्ह्याच्या ठिकाणाहून येईपर्यंत किलच्या कुजत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खणांच्या घरात दर पाच-सहा फुटांवर खांब येतो. घरात त्याची अडचण होत नाही, वर्गात मात्र होते. फळ्याकडे पाहणाऱ्या चाळीस मुलांपैकी काहींच्या डोळ्यांपुढे खांब येणारच. आणि त्या मुलांवर मास्तरांचीही दृष्टी राहणार नाही.

हा खांब काढून टाकला तो कैचीने. दोन तिरकी लाकडे, खाली ताण घेणारी तुळई व मध्ये उभा दांडा अशा त्रिकोणी कैचीमुळे सोळा ते वीस फूट रुंदीची खोली एकाही खांबाशिवाय झाकता येते. कैच्यांवर आढे व वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले, हे छप्पर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सर्वच लहान इमारतींत रूढ झाले होते. डाक-बंगला, चौकी, दवाखाना व शाळा यांची छपरे एकाच घरातली वाटतात ती त्यामुळेच. सोळा-वीस फूट रुंदीचा आणि त्याच्या दीडपट-दुप्पट लांबीचा अखंड दिवाणखाना ही खेड्यातील माणसाला नवीन वस्तू होती. सभामंडपात खांब होते, वाड्यात खांब होते, चावडीत खांब होते. खांब नसलेली मोठी खोली त्याने प्रथम पाहिली ती शाळेत. सर्व मुले एकाच दृष्टीच्या टप्प्यात यावीत, एकाच दिशेला तोंड करून बसावीत व एकच फळा पाहावीत, ही नव्या अध्यापनाची गरज या कैचीने भागविली.

कौलांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे यंत्राने कौले बनविण्याचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही चपटी कौले हलकी असत आणि त्यांच्या दर वर्षीच्या शाकारणीची दगदग कमी असे. मंगळूरहून गलबतांनी मुंबई आणि तेथून आगगाडीने देशावर असा त्यांचा प्रवास होई. जी. आय. पी. रेल्वेचा फाटा १८६० नंतरच्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव व भुसावळ या मार्गाने गेला. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेहून अमळनेराकडे येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे यांची भर पडली. कापूस बाहेर नेणाऱ्या गाड्यांच्या मार्गानेच कौले, पत्रे व लोखंडी गज आत आले. रेल्वेपासून दूर असलेल्या गावी मंगलोरी कौलांऐवजी कुंभारी नळीची कौले किंवा पत्रे वापरावे लागत. पत्रा टिकाऊ खरा. परंतु उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापे, आणि पाऊस सुरू झाला की मास्तरांचा आवाज मुलांना ऐकू येत नसे.

भिंतींचे साहित्य मात्र गावच्या भूगोलावर अवलंबून राहिले. तापीच्या उत्तर तीरावरील गाळाच्या सपाट पट्ट्यात, म्हणजे रावेर, यावल, चोपडा या भागांत, दगड दुर्मिळ आणि विटेची माती मुबलक. तेथे पक्क्या विटांची भिंत. साक्री, धुळे, चाळीसगाव या डोंगराच्या कुशीतील भागांत काळा पाषाण हाताशी. तेथे दगडी भिंत. पुष्कळदा जोते व कोपरे दगडाचे आणि मधला भाग विटांचा, अशी मिश्र रचना करीत. नदीनाल्यांतील चुनखडी भाजून बैलाच्या घाणीवर चुना मळीत. साग सातपुड्यातून वा डांगातून येई. म्हणजे नकाशा जिल्ह्याच्या ठिकाणचा, कौल मंगळूरचे, गज विलायतेचे, आणि दगड, वीट, चुना व हात गावचे, असा हा संगम होता. गवंडी व सुतार स्थानिक असल्यामुळे दाराच्या चौकटीवर एखादे कमळ, दिवा वा पणती ठेवण्याचा कोनाडा, खुंट्यांची ओळ अशा घरगुती खुणा सरकारी नकाशातही शिरल्या.

पश्चिम खानदेशाच्या टोकाला, अक्राणी, तळोदे व नवापूर या भिल्ल वस्तीच्या भागांत, हा सर्व प्रकार फारसा पोहोचला नाही. तेथील वस्ती विखुरलेली, सारा अल्प, त्यामुळे पट्टीही अल्प. कुडाच्या भिंती व गवताचे छप्पर असलेल्या झोपडीत शाळा भरे, आणि हिवतापामुळे बाहेरून आलेले मास्तर तेथे टिकत नसत. शाळागृहाचा अभाव हासुद्धा एक पुरावाच आहे. साऱ्यावर बसविलेली पट्टी सारा देणाऱ्या जमिनीच्या मागे गेली. ज्यांच्याजवळ अशी जमीन नव्हती त्यांच्यापर्यंत ती गेली नाही.

५. प्रकाश, वारा व बैठक

शाळागृहांसाठी नमुन्याचे नकाशे तयार करण्याची पद्धत या काळात सर्व प्रांतांत रूढ होत होती. हेन्री शार्प यांनी हिंदुस्थानातील शैक्षणिक इमारतींसंबंधी १९११ मध्ये सिद्ध केलेला अहवाल त्याच प्रयत्नाचा भाग होता. दर मुलामागे किती चौरस फूट जागा असावी, उजेड कोणत्या बाजूने यावा, खिडक्या किती असाव्यात, या गोष्टींचा त्या काळी बारकाईने विचार होऊ लागला. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या पाटीवर हाताची सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून यावा, हा नियम तेव्हाचाच.

खानदेशात या नियमांना हवामानाची जोड द्यावी लागली. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून लांब भिंती उत्तर-दक्षिण केल्या म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आखूड भिंतींवर पडते. दक्षिणेला किंवा पश्चिमेला पडवी काढली की उरलेले ऊन तिच्यावर थांबते. खिडक्यांना काचा नसत. लोखंडी गज व लाकडी झडपा असत. मुले बाकांवर नव्हे, तर जमिनीवर बसकरपट्ट्यांवर बसत. त्यामुळे खिडकीची उंबरठापट्टी फार उंच ठेवली तर वारा त्यांच्या डोक्यावरून निघून जाई. जमीन बहुधा मातीची असे आणि दर आठवड्याला मुलांकडून शेणाने सारवून घेतली जाई. उन्हाळ्यात शाळा सकाळची होई. वास्तूने जे साधले नाही ते वेळापत्रकाने साधावयाचे, असा हा व्यवहार होता.

मोठ्या खोलीला लागून एक लहान खोली असे. तीत दप्तराचे कपाट, नकाशे व घड्याळ राही. पुष्कळ खेड्यांत मास्तर हेच शाखा-डाकघराचे काम पाहत, आणि मग या खोलीच्या खिडकीतून कार्डे, तिकिटे व मनिऑर्डरी यांचा व्यवहार चाले. दाराशी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगून त्याचीच घंटा करण्याची पद्धत या रेल्वेकाठच्या जिल्ह्यांत सर्वत्र दिसे. ज्या घरांत घड्याळ नव्हते त्या घरांनाही ही घंटा ऐकू जाई, आणि गावचा दिवस तासांनी मोजला जाऊ लागला.

६. पडवी

शाळागृहाचे सर्वांत उपयुक्त व सर्वांत बोलके अंग म्हणजे पुढची पडवी. नकाशात तिचा हेतू ऊन-पावसापासून भिंतीचे रक्षण एवढाच होता. प्रत्यक्षात तिने अनेक कामे केली. पाण्याचा रांजण तेथे राही, पादत्राणे तेथे राहत, मुलांची संख्या वाढली की बिगारीचा वर्ग तेथेच बसे. आणि ज्या मुलांना आत बसू देण्यास गावाची तयारी नसे, तीही तेथेच बसत.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांचा शाळाप्रवेश हा प्रश्न मुंबई इलाख्यात १८५६ मध्ये धारवाड येथील एका महार मुलाच्या अर्जाने प्रथम सरकारपुढे आला. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, असा निर्णय १८५८ मध्ये झाला. हंटर आयोगाने १८८२ मध्ये हे तत्त्व पुन्हा मान्य केले, परंतु ते सावधगिरीने अमलात आणावे अशी पुस्ती जोडली. तत्त्व आणि सावधगिरी यांच्या मधली जागा म्हणजेच शाळेची पडवी होय. मुलाचे नाव हजेरीपटावर घेतले म्हणजे नियम पाळला गेला. त्याला पडवीत किंवा पायऱ्यांखाली बसविले म्हणजे गावही राखले गेले. खिडकीतून ऐकू येईल तेवढे त्याने ऐकावे आणि दुरून दिसेल तेवढा फळा पाहावा. जोत्याची उंची जी पावसासाठी होती ती अशा रीतीने माणसासाठीही झाली.

येथे देवळातील शाळा व लोकल बोर्डाची शाळा यांतील फरक लक्षात घेतला पाहिजे. देवळात ज्याला प्रवेश नाही त्याला देवळातील शाळेतही प्रवेश नाही. तेथे कोणताही सरकारी नियम निरुपयोगी होता, कारण वास्तूच दुसऱ्याची होती. वाड्याच्या ओसरीवर मालकाची इच्छा चाले. लोकल बोर्डाचे शाळागृह मात्र सार्वजनिक पैशातून उभे राहिले होते. त्याच्या पडवीत बसविलेले मूल अपमानित होते खरे. परंतु त्याला आणि त्याच्या पालकाला ‘आत का नाही?’ असे विचारता येण्याजोगी ती पहिली इमारत होती. मुंबई कायदेकौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा जो ठराव मंजूर झाला, त्याचा आधार नेमका हाच होता. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व चालविलेल्या पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांबरोबर सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत, असे त्या ठरावाने सांगितले. हक्काचे प्रमाण धर्म वा दया हे न मानता इमारतीचा खर्च हे मानले गेले. एक आणा पट्टीचा हिशेब अशा रीतीने साठ वर्षांनी दुसऱ्याच ठिकाणी येऊन पोहोचला.

अर्थात भिंतीच्या आत गेल्याने प्रश्न सुटला असे नाही. डॉ. आंबेडकरांनी आपल्या सातारच्या शाळेतील जी आठवण लिहून ठेविली आहे, तीत ते वर्गातच, परंतु एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या वेगळ्या तरटावर बसत असत. खोली एक असली तरी जमीन वाटली जाऊ शकते. १९२८ मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आणि १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या समितीला, जिचे डॉ. आंबेडकर व अ. वि. ठक्कर हे सभासद होते, हाच प्रश्न पुन्हा हाताळावा लागला. ठराव झाला तरी पडवी रिकामी होण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

मुलींच्या बाबतीत वास्तूचे मौन निराळे आहे. मुलींसाठी वेगळ्या शाळा प्रायः मोठ्या गावांतच निघाल्या, आणि लहान खेड्यातील शाळागृहाच्या नकाशात मुलींचा विचारच नव्हता. जळगावजवळच्या आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी इतरांनी टिपून घेतल्यामुळे वाचली. खानदेशातील विद्यापीठ १९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला त्यांचे नाव दिले गेले. ज्या पिढीने शाळेच्या पायऱ्या कधी चढल्या नाहीत, तिचीही नोंद शाळागृहाच्या इतिहासात असली पाहिजे.

७. समारोप

१९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळांची सूत्रे स्थानिक संस्थांच्या शाळामंडळांकडे गेली आणि सक्तीच्या योजनेतील वाढीव खर्चाचा दोन-तृतीयांश भाग जिल्हा लोकल बोर्डांना सरकारकडून मिळावा अशी तरतूद झाली. त्यानंतर शाळांची संख्या वाढली. पण त्याच नमुन्याची शाळागृहे थोड्याफार फरकाने बांधली जात राहिली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ही सर्व मालमत्ता त्यांच्याकडे गेली. पुढे सिमेंटच्या सपाट छतांच्या खोल्या आल्या, आणि कैचीच्या शाळा ‘धोकादायक इमारती’ या सदराखाली एकेक करून पाडल्या जाऊ लागल्या. मुलांच्या जीविताचा प्रश्न असताना जुनी इमारत केवळ जुनी म्हणून ठेवावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाडण्यापूर्वी तिची मोजमापे, छायाचित्रे, बांधकामाचे साहित्य व गावातील स्थान यांची नोंद करून ठेवणे हे फार खर्चाचे काम नाही. एक मोजपट्टी, एक वही आणि एक दिवस एवढ्यावर ते होते. विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तालुकावार असे काम झाल्यास खानदेशाच्या सामाजिक इतिहासाचे एक अस्सल साधन हाती राहील.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. लोकल बोर्डाचे शाळागृह हे वास्तुकलेचे लेणे नव्हे. ते काटकसरीने, एका ठरावीक नकाशावरून बांधलेले साधे छप्पर होते. पण त्याने दोन गोष्टी केल्या. कैचीच्या योगाने त्याने गावातील सर्व मुलांना एकत्र बसविता येईल अशी खोली प्रथम निर्माण केली. आणि सार्वजनिक पट्टीतून उभे राहिल्यामुळे त्या खोलीत कोणाला बसू दिले जात नाही, हे गावाला प्रथम दिसू लागले. ज्या शाळा आजही उभ्या आहेत त्यांची पाहणी करताना खोलीबरोबर पडवीचेही माप घ्यावे ते याचसाठी. खोली किती मोठी होती एवढे कळून भागत नाही. पडवीत किती मुले बसू शकत होती, तेही कळले पाहिजे.